न बोलावता जायची घरं

मुरगूडच्या एका बाईंना मी, तुमचा आवाज कायमचा पुसून टाका, असा लेखी सल्ला दिला होता. भाषा सभ्य होती. शेवटी एक हसरा चेहराही टाकला होता.

सल्ला देताना तिकडं कुणी बाई आहे हे मला माहीत नव्हतं. आवाज आहे हेही माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असं वाटलं नाही, एवढंच काय ते माझ्याकडून झालं. हे 'एवढंच' केवढं असतं ते मला आण्णांनी दाखवलं. म्हणून आधी आण्णा.

आण्णा आमच्या ऑफिसात होते. शिवाजी पेठेत भांड्यांच्या एका दुकानावर, वरच्या मजल्यावर, आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करायचो. खाली दिवसभर पातेली आपटायची आणि वर आम्ही डोकं. वयानं सगळ्यांत मोठे आण्णाच. लॅपटॉपच्या पिशवीत ते काथ्याचं एक भेंडोळं बाळगायचे. मी नवीन होतो. मला वाटलं, डबा गाडीला बांधायला असेल. माझ्या खुर्चीचा एक हात मोडला होता, तो बांधायला मी ते मागितलं. आण्णा म्हणाले, "देतो की. पर ते तिरडीचं हाय. चालंल न्हवं?"

पेठेत कुणी गेलं की तिरडी बांधायला आण्णा. आधी त्यांचे वडील बांधायचे, मग हे. कुणी बोलवायचं नाही, कुणी सांगून जायचं नाही. कुठून तरी कुणकुण लागायची आणि हा माणूस चाललेली मीटिंग अर्धी टाकून उठायचा. एका पतसंस्थेचे चेअरमन एकदा चिडले. "अहो, तुमचं कोण लागत होतं काय ते?"

आण्णा चपला घालत म्हणाले, "लागत असतं तर रडत बसलो असतो की. लागत न्हाय म्हणून तर बांधाय जातोय."

गाठी मारून झाल्या की ते चहाही न घेता परत यायचे, ऑफिसच्या मागच्या नळावर हातपाय धुवायचे, चूळ भरायचे, आणि चेअरमनसाहेबांना विचारायचे, "हां, व्याजाचं कुठं अडलतं?"

लग्नाला बोलावणं लागतं, मयताला लागत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. तसं ते आपल्याकडं कुणीही म्हणतं. आण्णा ते कंप्युटरसमोर बसूनही म्हणायचे, हा फरक.

मुक्त सॉफ्टवेअर ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जगभरची माणसं मिळून एखादं सॉफ्टवेअर करतात. ते सगळ्यांना फुकट वापरता येतं, आतून कसं केलंय तेही कुणालाही उघडून बघता येतं. वापरणाऱ्याचं काही अडलं तर तो तिथंच, चारचौघांत, लिहितो. त्याला इश्यू म्हणतात. आण्णा गाऱ्हाणं म्हणायचे. अशी गाऱ्हाणी ढिगानं साठतात. काम करणारे सगळे हौशी, त्यामुळं हे कर, ते कर, असं कुणी कुणाला म्हणत नाही. ज्यानं त्यानं आपलं निवडायचं. सगळी गोम या निवडण्यात आहे.

मी निवडायचो ते गर्दी बघून. ज्या गाऱ्हाण्याखाली जास्त लोकांनी पसंतीचे अंगठे उमटवलेत ते माझं. ते केलं की वाहवा होते, नाव होतं, पुढंमागं कुठल्या मोठ्या कंपनीच्या नजरेत भरतं. शिवाय तिथं आपल्या नावाचं एक पान असतं आणि ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो. माझा त्या चौकोनांवर फार जीव. बायको एकदा म्हणाली, "दारातली तुळस वाळून काटकी झाली आणि तुमच्या तिकडं बघा, हिरवंगार." माझं पहिलं योगदान म्हणजे एका सूचनापत्रातला स्वल्पविराम काढणं. आठवड्यानं दुसऱ्या कुणीतरी तो परत घातला. दोघांचेही चौकोन हिरवे झाले.

आण्णांची तऱ्हा उलटी. रविवारी सकाळी ते कळंब्याच्या तळ्यावर जायचे. फिरायला आलेली माणसं बांधावरून तरातरा चालत असायची आणि हे एका दगडावर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप, उन्हानं पडदा दिसत नाही म्हणून डोक्यावरून टॉवेल. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पाव्हण्यानं सर्दीसाठी वाफारा घेतलाय. पडद्याच्या उजव्या कडेला, किती जणांनी काय म्हटलंय त्याचे आकडे दिसतात तिथं, त्यांनी डॉक्टरी चिकटपट्टी लावून टाकली होती.

"आण्णा, लोकांना काय पायजे ते कसं कळणार मग?"

"लोकांचं लोक बघत्यात. गर्दी हाय तिथं मी कशाला? लग्नात वाढपी कमी पडलेत का कवा?"

मग ते यादीच्या तळाशी जायचे. जुनी, उत्तर न मिळालेली, मोडक्यातोडक्या भाषेत लिहिलेली गाऱ्हाणी मोठ्यानं वाचायचे, गावाकडनं आलेलं पत्र वाचावं तशी. वाचून झालं की टॉवेलाच्या आतून विचारायचे, "रडतंय कोण ह्यात?"

सुरुवातीला मला हसू यायचं. बटण दोन बोटं डावीकडं सरकलंय, ह्यात कोण रडणार? आण्णांनाही ते पटायचं. "ह्यात कोण न्हाय," म्हणून पुढं जायचे. पण एखाद्यापाशी थांबायचे. थांबले की आधी मराठीत आणि खाली त्यांच्या त्या इंग्रजीत दोन वाक्यं लिहायचे: तुमचं गाऱ्हाणं वाचलं. बसलोय. कुठल्या देशातला माणूस, कुठली भाषा. पण त्या 'बसलोय'ला बहुतेक वेळा उत्तर यायचं. काम पुरं होऊन गाऱ्हाणं मिटलं की आण्णा उठून हातपाय धुवायचे, चूळ भरायचे. तळ्यावर असले तर तळ्याच्या पाण्यानं, ऑफिसात असले तर मागच्या नळावर. मी म्हटलं, "आण्णा, इथं कोण मेलंय?" ते म्हणाले, "कुणाचं तरी कायतरी मेलंच असतंय. त्याबिगर कोण अनोळखी माणसाजवळ गाऱ्हाणं सांगत न्हाय."

दुसऱ्यानं हातात घेतलेलं काम मात्र ते घ्यायचे नाहीत. एखाद्यानं 'मी बघतो' म्हणून लिहून ठेवलं आणि वर्षभर बघितलं नाही, तरी आण्णा आधी त्याला विचारायचे. मी वैतागायचो. ते म्हणायचे, "खांदा बदलायचा असला तरी शेजारच्याला सांगून बदलायचा. न्हायतर मढं पडतंय."

आण्णा गेले त्याला आता वर्ष होत आलं. झोपेतच गेले. मला फोन आला तेव्हा मी काय विचारावं? "किती वाजता यायचं?" मयताचं आमंत्रण मागणारा मी पेठेतला पहिलाच असेन. पलीकडून आण्णांचे मेव्हणे म्हणाले, "या सावकाश."

गेलो तेव्हा अंगणात बांबू पडले होते, कामट्या पडल्या होत्या, आणि पाचसहा बाप्ये नुसते उभे होते. बांधायला कुणालाच नीट येईना. जो तो दुसऱ्याकडं बघत होता. इतकी वर्षं ते काम आण्णाच करायचे, त्यामुळं पेठेत कुणाला ते शिकायची पाळीच आली नव्हती. शेवटी दोघातिघांनी मिळून कशीबशी बांधली. काथ्या आण्णांच्याच पिशवीतला.

त्या गर्दीत मुरगूडहून आलेलं एक जोडपं माझ्या आधी पोचलेलं होतं. त्यांना कुणी कळवलं मला माहीत नाही. त्यांच्याकडं आण्णा, मयताला जातात तसे, एकदा न बोलावता गेले होते, आणि गाडी चालवायला पुढं मी बसलो होतो.

ते असं झालं. ज्यांना बोलता येत नाही अशा माणसांसाठी एक ॲप आहे. हौशी लोकांनीच केलेलं. पडद्यावर चित्रं आणि शब्दांची बटणं असतात. दाबलं की फोन तुमच्या वतीनं बोलतो. त्या ॲपला काळा रंग पाहिजे, डार्क मोड पाहिजे, अशी एक मागणी होती आणि तिच्याखाली अंगठ्यांची जत्रा. मी ती उचलली. ॲप स्वतः कधी वापरून बघितलं नव्हतं, रंग मात्र बदलला. काम स्वीकारलं गेलं. लोकांनी टाळ्या दिल्या, मी ऑफिसात सगळ्यांना मिसळ दिली. आण्णांनी मिसळ खाल्ली आणि एवढंच विचारलं, "जुन्या फोनवर घालून बघितलास न्हवं?"

"चालतंय की," मी म्हटलं. चालत असणार, असं मला म्हणायचं होतं.

ॲप चालवणाऱ्या बाई परदेशातल्या. मराठीत काही आलं तर तुम्ही बघाल का, असं त्यांनी मला विचारलं आणि मी मोठ्या मानानं हो म्हटलं. मराठीत एकच गाऱ्हाणं आलं. 'घरातली बोलायची बंद झाली. फोनात ते उघडतंय आणि लगेच मिटतंय. लवकर बघा.' खाली फोन नंबर आणि 'मुरगूड, पिठाची गिरण'. अंगठा एकही नाही. फोन कुठला, आवृत्ती कुठली, काही नाही. मी लिहिलं: माहिती अपुरी आहे. ॲप काढून टाका आणि पुन्हा नव्यानं घ्या. हसरा चेहरा. आणि गाऱ्हाणं मिटवलं. चौकोन हिरवा.

पुढच्या रविवारी मी कळंब्याला आण्णांच्या शेजारच्या दगडावर बसलो होतो. ते त्या दिवशी मिटवलेली गाऱ्हाणी वाचत होते. ही त्यांची आणखी एक खोड. उघडी वाचून झाली की मिटलेली वाचायची. "जितंपणी पुरलेलं कोणतरी ह्यातच घावतंय," म्हणायचे.

टॉवेलाच्या आतून आवाज आला. "घरातली बोलायची बंद झाली." मग टॉवेल खाली आला.

"हे तू मिटवलंस?"

"माहिती नव्हती आण्णा त्यात काही."

"घरातली बोलायची बंद झाली, ही माहिती न्हवं?"

मी बांधावरून चालणाऱ्यांकडं बघायला लागलो.

"ह्या ॲपात बटणात आपला सोताचा आवाज भरून ठेवता येतोय. ठावं हाय?"

मला ठाऊक नव्हतं.

"घशाचं ऑपरेशन व्हायच्या आधी लोक भरून ठेवत्यात. मागनं आवाज ऱ्हात न्हाय म्हणून. ते आवाज ॲपच्याच खोलीत असत्यात. ॲप काढलं की खोलीसकट गेलं. परत न्हाय यायचं." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, हे जास्त वाईट होतं. "तिनं भरला असला तर?"

"नसेल भरला."

"इचारलास?"

त्यांनी नंबर लावला. फोन उचलला गेला. पलीकडून गिरणीची घरघर आणि तिच्यावर कुणाचा तरी श्वास. बाकी काही नाही. नंबर त्या बाईंच्याच, ॲपवाल्या फोनचा होता. मला ते कळायला वेळ लागला. आण्णांना नाही लागला.

"आक्का," ते म्हणाले, "तुमी बोलू नका. निस्तं ऐका. ॲप अजून फोनात असंल तर फोनवर एक टिचकी मारा. काढून टाकलं असंल तर दोन मारा."

आम्ही दोघं कान लावून बसलो. बांधावरून माणसं हात हलवत चालली होती. पलीकडं टिचकी वाजली. का गिरणीचा पट्टा वाजला? एक होती, का दोन? गिरण सगळं गिळत होती. मग फोन बंद झाला.

आण्णांनी लॅपटॉप पिशवीत घातला. "काढ गाडी."

कळंब्यावरून रस्ता तसाच पुढं मुरगूडकडं जातो. आण्णा मागं बसले होते. मला वाटत होतं, त्यांनी शिव्या घालाव्यात, म्हणजे हिशेब मिटेल. मुदाळतिट्ट्याला उसाच्या ट्रॉल्यांनी वाट अडवली होती. मी धीर करून म्हटलं, "ट्रॉल्या हलेपर्यंत च्या घ्यायचा का आण्णा?"

"मयताला जाताना च्या पित्यात व्हय रं?"

तोवर मला ती एक चूक वाटत होती. कुणीतरी मेलेलं असू शकतं आणि ते मी केलेलं असू शकतं, हे त्या ट्रॉल्यांच्या मागं उभं असताना पहिल्यांदा समजलं.

गिरण सापडायला अवघड नव्हती. दारातली माती पांढरी झालेली. आत पट्टा फिरत होता आणि एक म्हातारे गृहस्थ डब्यातलं धान्य वर ओतत होते, भुवयांपर्यंत पीठ. बाजूला स्टुलावर एक बाई, गळ्याभोवती रुमाल गुंडाळलेला. पुढ्यातल्या फळीवर सांडलेल्या पिठात त्या बोटानं काहीतरी लिहीत होत्या आणि समोरची गिऱ्हाईक बाई मान वाकडी करून वाचत होती. 'उद्या ये.'

"कोण पावणं?" म्हाताऱ्यांनी गिरणीच्या वरताण आवाजात विचारलं.

आण्णांनी उत्तराऐवजी प्रश्नच केला. "काढून टाकलं काय ॲप?"

"मी काढणारच हुतो की! कुणा शहाण्यानं लिवलंतं, काढून टाका म्हणून. हिनं फोन हिसकावला आन् पदरात बांधला. कवाधरनं तसाच हाय. द्याय तयार न्हाय."

आण्णा तिथंच पोत्यावर बसले. मग त्यांनी हात पुढं केला. "आक्का, मला द्या. मी काय काढणार न्हाय. आधी तुमचा आवाज माझ्याकडं उतरवून घेतो, मग बघू."

बाईंनी त्यांच्याकडं निरखून बघितलं. माझ्याकडंही बघितलं. मग पदराची गाठ सोडली आणि फोन आण्णांच्या हातात दिला. फोन जुना, माझा काळा रंग न झेपलेला, कोपरा फुटलेला, फटीफटीत पीठ. आण्णांनी वायर जोडली. ॲपच्या खोलीत बाईंचा आवाज होता. तुकड्यातुकड्यानं, सगळा. तो लॅपटॉपवर उतरला. नीट उतरलाय का बघायला आण्णांनी त्यातला एक तुकडा वाजवला.

"अवो, गिरण बंद करा आता! भाकरी गार व्हायलीया!"

खणखणीत, रस्त्यापलीकडं जाईल असा आवाज. आणि म्हातारे, आमच्याकडं पाठ करून उभे होते ते, वळलेसुद्धा नाहीत. त्यांचा हात सवयीनं खटक्याकडं गेला आणि त्यांनी गिरण बंद केली.

पट्टा थांबला. एकदम सगळं ऐकू यायला लागलं. बाहेरची चिमणी, कुणाचा तरी रेडिओ. म्हातारे खटक्यावर हात ठेवून तसेच उभे होते. बाई त्यांच्याकडं बघत होत्या. आपण काय केलं ते म्हाताऱ्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि सगळं पीठ डोळ्यात गेलं.

आण्णांनी मला जवळ बोलावलं. "आता काढ ॲप."

"मी?"

"मग कोण? बोट तुझं पायजे."

आवाज लॅपटॉपवर सुखरूप होता, तरी मी पुन्हा एकदा खात्री करून घेतली. काढलं. आण्णांनी माझ्या रंगाच्या आधीची जुनी आवृत्ती घातली, सगळे तुकडे जागच्या जागी परत ठेवले आणि फोन बाईंच्या हातात दिला. ॲप उघडलं. मिटलं नाही. पांढरं, ओबडधोबड, जुनं. अंगठे न मिळालेलं. पुढं कित्येक रविवार खर्चून आण्णांनी माझा काळा रंग जुन्या फोनवरही चालेल असा करून दिला. रंगही राहिला, फोनही राहिले. त्याचं श्रेय त्यांनी माझ्या नावावर टाकलं, हा त्यांचा एकुलता एक दुष्टपणा.

दाराजवळ पाण्याची टाकी होती. आता हे हातपाय धुणार म्हणून मी तांब्या भरून पुढं केला. आण्णांनी तो घेतला, आणि घटाघटा पाणी पिऊन टाकलं.

"धुणार न्हाय?"

"कशाला? मयत कुठं झालंय?"

म्हातारे एव्हाना सावरले होते. हात झटकत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "पावणं, त्ये काढून टाका म्हणून लिवणारा कोण हुता, घावला का तुमास्नी?"

मी आण्णांकडं बघितलं. आण्णा वायर गुंडाळत होते. तिरडीची गाठ मारताना असायचे तेवढे गुंग.

"मीच हुतो," मी म्हटलं.

म्हाताऱ्यांनी बायकोकडं बघितलं. बाईंनी फोन समोर धरला, बटणांवरून बोट फिरवत खाली गेल्या, थांबल्या, पुन्हा वर आल्या. धान्य ओतताना सांडणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी ऑपरेशनच्या आधी भरून ठेवलेलं एक बटण होतं. आवाज पूर्ण मोठा करून, फोन माझ्या तोंडासमोर आणून, त्यांनी ते दाबलं.

"डोळं फुटल्यात व्हय रं? बघून वत की, मुडद्या!"